मतलई सुटला की खिडकी लाव

काल रात्री साडेअकराला तुझा फोन आला. तू बोलत होतीस आणि मागून तुझ्या थोरल्या मुलाचा खोकला ऐकू येत होता, कोरडा, थांबून थांबून येणारा. तेव्हा मी एवढंच म्हणाले की डोकं जरा उंच ठेव, कोमट पाणी पाज, सकाळी डॉक्टरांना दाखव. पण फोन ठेवता ठेवता तू जे विचारलंस ते रात्रभर डोक्यातून गेलं नाही. "ताई, समुद्र जवळ म्हणून तर आम्ही विरार पश्चिमेला घर घेतलं. अकरावा मजला, दोन्ही बाजूंनी वारा. मग दर डिसेंबरला याची छाती का भरते गं?"

बावीस वर्षं मी वसईत भूगोल शिकवते आहे. खारे वारे आणि मतलई वारे हा धडा दरवर्षी घेते. फळ्यावर समुद्र काढते, डोंगर काढते, बाण काढते. आणि सख्ख्या बहिणीनं घर घेतलं तेव्हा मी तिला सांगितलं नाही, की समुद्र किती मिनिटांवर आहे हे नंतर बघ, आधी वारा कुठल्या वेळी कुठून येतो ते बघ. त्याचं मला वाईट वाटतंय. म्हणून आज सगळं सांगते. मुलं झोपली असतील तेव्हा निवांत वाच.

निर्मळच्या आपल्या वाडीतलं एक दृश्य आठव. थंडीत पहाटे बाबा बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या, काठी सुक्या झावळ्यांचा आणि केळीच्या पानांचा ढीग पेटवायचे. धूर सरळ वर चढायचा, नारळाच्या शेंड्यापर्यंत, आणि तिथे गेला की छताला टेकल्यासारखा थांबायचा. मग आडवा पसरायचा. अख्ख्या वाडीवर निळसर पातळ थर, आणि आपण दोघी ओसरीवर डोळे चोळत बसलेल्या. तोच ढीग दुपारी दोनला पेटवला असता तर धूर कुठे गेला हे कुणाला कळलंही नसतं. ढीग तेवढाच, आग तेवढीच. फरक सगळा वरच्या हवेचा.

थंडीतल्या रात्री लांब असतात, आभाळ निरभ्र असतं. जमीन दिवसभराची ऊब भराभर सोडून देते आणि तिला लागून असलेली हवाही गार होते. गार हवा जड, ती खालीच बसते. तिच्यावर तुलनेनं उबदार हवेचा थर राहतो. एरवी खालची हवा तापते, वर चढते आणि धूर-धूळ सोबत घेऊन जाते. इथे उलटं होतं, म्हणून शास्त्रात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. मी मुलांना सरळ झाकण म्हणते. त्या झाकणाखाली जे काही सोडाल ते तिथेच राहणार.

तुला तर स्वयंपाकघरातूनच कळेल. मिरचीची फोडणी आईच्या जुन्या घरात बसायची तेव्हा कुणाला ठसका लागायचा? कौलं उंच, फटी मोकळ्या. तीच फोडणी तुमच्या आधीच्या, नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या खोलीत दिली की दोन मिनिटांत सगळे खोकत बाहेर. मिरच्या काही जास्त नव्हत्या, खोली लहान होती. थंडीतल्या पहाटे आपल्या सगळ्या शहराची खोली अशीच लहान होते. दुपारी जी हवा हजार मीटर किंवा त्याहून उंचापर्यंत घुसळली जाते, ती रात्री जमिनीलगतच्या एवढ्याशा थरात कोंडली जाते.

आता वाऱ्याचं. पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या जुन्या कोळ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटेच्या मतलईवर होडी समुद्रात ढकलायची आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं, हा त्यांचा नेम. मतलई म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा. रात्री जमीन समुद्रापेक्षा गार होते, म्हणून तो सुटतो, आणि सकाळ बरीच वर येईपर्यंत टिकतो. खारा वारा सुटायला जमीन तापावी लागते. उन्हाळ्यात ती लवकर तापते. डिसेंबर-जानेवारीत खारा वारा यायला दुपार होते, कधी तो येतो न येतो तोच दिवस कलतो. म्हणजे थंडीत दिवसाच्या चोवीस तासांतला मोठा भाग आपल्या घरात येणारी हवा समुद्राची नसतेच, ती पूर्वेकडून आलेली असते.

आणि आपल्या पूर्वेला काय आहे ते तुझ्या बाल्कनीतूनच दिसतं. रेल्वेचे रूळ, त्यापलीकडे दाट वस्ती. वसईकडे सरकलीस की गोखिवरे, वालीव, सातिवलीचे कारखाने. मग मुंबई-अहमदाबाद महामार्ग, रात्रभर चालणारे ट्रेलर. त्यापलीकडे कामणच्या बाजूला दगडखाणी आणि क्रशर, ठिकठिकाणी वीटभट्ट्या. आणि या सगळ्याच्या मागे तुंगारेश्वरचा डोंगर उभा. दुपारचा खारा वारा शहराची धूळ आणि धूर उचलून पूर्वेला नेतो, डोंगराच्या पायथ्याशी त्याचा जोर कमी होतो, आणि रात्री मतलई सुटला की त्यातलं बरंचसं त्याच वाटेनं मागे फिरतं. वाटेत महामार्गाचा धूर, भट्ट्यांचा धूर सोबत घेतं. पहाटे पाचला तुझ्या पूर्वेच्या खिडकीतून गार झुळूक येते आणि तू ती खिडकी आणखी उघडतेस, मुलाला ताजी हवा मिळावी म्हणून. अगं, दिवसातली सगळ्यात शिळी हवा तीच.

दोन वर्षांपूर्वी शाळेत मी मुलांकडून एक साधी गोष्ट करून घेतली. पोस्टकार्डाएवढे पांढरे पुठ्ठे, त्यावर व्हॅसलीनचा पातळ हात. एक पूर्वेच्या खिडकीबाहेर टांगला, एक पश्चिमेच्या. जानेवारीतला आठवडा होता. सातव्या दिवशी भिंगातून बघितलं. पश्चिमेच्या पुठ्ठ्यावर तपकिरी कण, काही चकचकीत, वाळूसारखे. पूर्वेचा पुठ्ठा राखाडी झालेला, त्यावर काजळीचे बारीक काळे ठिपके, बोटानं पुसले की तेलकट रेघ उमटायची. मुलं गप्प झाली होती. एका मुलीनं विचारलं, "बाई, हे आपल्या छातीत पण असंच चिकटतं?" मी तिला खरं तेच सांगितलं. पुठ्ठ्यावर दिसतात ते मोठे कण, त्यातले पुष्कळसे नाकात-घशात अडकतात, खोकल्या-शिंकेसोबत बाहेर पडतात. ज्यांची खरी काळजी करायची ते पुठ्ठ्यावर दिसतच नाहीत. पीएम २.५ म्हणतात ते अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याचे. ते फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही रक्तातही उतरतात. थोरल्याची छाती अजून वाढते आहे आणि तो आपल्यापेक्षा भरभर श्वास घेतो, म्हणून त्याच्या वाट्याला हे जास्त येतं.

किनाऱ्याजवळ आणखी एक भानगड. पहाटे हवेत ओल असते. त्या ओलीनं बारीक कण पाणी पिऊन फुगतात आणि सगळं अंधुक दिसतं. आपण म्हणतो, वा, छान धुकं पडलंय. धुकं आणि धुरकं यातला फरक ओळखायला शीक. धुकं गवतावर, कोळ्याच्या जाळ्यावर थेंब ठेवून जातं, त्याला वास नसतो, ऊन चढलं की झटकन विरतं. धुरकं पिवळट असतं, घशाला खाजवतं, दहा वाजले तरी हटत नाही. तुझ्याकडे तर मोजायला आयतं साधन आहे. सकाळी बाल्कनीतून जीवदानीचा डोंगर बघ. कडा स्वच्छ दिसली, वरचं देऊळ ओळखू आलं तर ठीक. डोंगर आहे एवढंच कळत असेल तर थोरल्याला त्या सकाळी खाली खेळायला पाठवू नकोस.

तुला वाटेल ताई वाऱ्याला फारच महत्त्व देते आहे. लंडनची गोष्ट सांगते. १९५२ च्या डिसेंबरात, ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत, त्या शहरावर वारा थांबला आणि गार हवेवर असंच झाकण बसलं. कोळशाच्या शेगड्या आणि कारखाने त्याआधीच्या आठवड्यातही धुमसतच होते. पण त्या पाच दिवसांत धूर जाईना. आधी चार हजार माणसं गेली असं म्हटलं गेलं, नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. शेवटी वारा सुटला आणि ते संपलं. १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला, कारण वारा कधी थांबेल हे माणसाच्या हातात नाही, धूर किती सोडायचा हे आहे, हे त्यांना फार मोठी किंमत देऊन कळलं.

आपल्याकडे समुद्र आहे म्हणून आपण वाचतो, आणि तो आहे म्हणूनच आपण गाफील राहतो. २०२२-२३ चा हिवाळा आठवतो? तू तेव्हा गरोदर होतीस आणि मला सारखं म्हणायचीस की ताई, लोकलमधून उतरले की डोळे चुरचुरतात. त्या हिवाळ्यात मुंबई आणि आसपासची हवा इतकी बिघडली की दिल्लीशी तुलना व्हायला लागली. एरवी दर काही दिवसांनी समुद्राकडून जोराचा वारा येतो आणि साचलेलं झाडून नेतो. त्या वर्षी वारे मंदावले आणि तो झाडू यायला फार वेळ लागू लागला. हवेचा अंदाज देणारी 'सफर' ही यंत्रणा ज्यांनी उभी केली ते डॉ. गुफरान बेग आणि त्यांच्यासोबतचे शास्त्रज्ञ यांनी त्याचा संबंध ला निनाशी जोडला. पॅसिफिक महासागराचं पाणी सलग तिसऱ्या हिवाळ्यात नेहमीपेक्षा गार होतं, त्यानं वाऱ्यांची घडी बदलली. हजारो मैलांवरचं पाणी आणि विरार स्टेशनवर चुरचुरणारे तुझे डोळे, एवढं ते जोडलेलं आहे.

पुढच्या वर्षी, २०२३ ला, पावसाळा संपला आणि ऑक्टोबरातच हवा कोंडली. ३१ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, पुढे फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली. आणि ९ नोव्हेंबरच्या रात्री अवकाळी पाऊस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले तर तुंगारेश्वरच्या डोंगरावरची झाडं वेगवेगळी दिसत होती. इतकं धुऊन निघालं होतं सगळं. १२ तारखेला लक्ष्मीपूजन. त्या रात्री आमच्या गल्लीत दहानंतरही फटाके वाजत होते, आणि सकाळी तो डोंगर पुन्हा नाहीसा झालेला. आभाळानं फुकट दिलेली हवा आपण तीन दिवसही ठेवली नाही. मला त्या सकाळी खरंच रडू आलं होतं, तुला कधी बोलले नाही.

पावसाळ्यात मात्र निर्धास्त राहा. जून ते सप्टेंबर वारा समुद्राकडूनच येतो, जोरात येतो. पाऊस मोठी धूळ खाली बसवतो. सगळ्यात बारीक कणांपैकी काही थेंबांना चुकवून निसटतात, पण वारा त्यांना इथे थांबू देत नाही. शिवाय कच्च्या विटा पावसात विरघळतील म्हणून वीटभट्ट्या बंद असतात. त्या पुन्हा पेटतात दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे नेमकं वारा पडतो आणि झाकण बसायला लागतं तेव्हा. बांधकामंही पाऊस संपला की जोर धरतात. २००९ साली आपली महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत इथे १२ लाखांवर माणसं होती, आणि तेव्हापासून इमारती उठायच्या थांबलेल्याच नाहीत. त्यांची धूळ आहेच, पण उंच इमारतींची रांग खालचा वाराही अडवते.

आणि खारा वारा नेहमी स्वच्छच असेल असंही धरून चालू नकोस. २३ जानेवारी २०२२, रविवार होता. पाकिस्तानच्या बाजूनं उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्रावरून इथवर आलं. गाड्यांवर पांढरी पूड, आभाळ दुधाळ, समोरची इमारत अंधुक. त्या दिवशी समुद्राकडची खिडकीच लावायला हवी होती. १३ मे २०२४ ला, घाटकोपरचं होर्डिंग पडलं त्या दुपारी, धुळीची भिंत कशी आली ते तू बघितलंसच. असे दिवस थोडे, पण अशा दिवशी नेहमीचा नियम सोडायचा.

आता तू काय करायचंस ते सांगते. माझं ऐकशील ना?

डिसेंबर ते फेब्रुवारी रात्री झोपताना पूर्वेच्या खिडक्या लाव आणि सकाळी नऊ-दहापर्यंत उघडू नकोस. ऊन तापलं, झाकण सुटलं, खारा वारा सुरू झाला की बारापासून सूर्य मावळेपर्यंत दोन्हीकडच्या खिडक्या सताड उघड. घरातली कोंडलेली हवाही बाहेर जायला हवी, म्हणून दिवसभर बंद घरात बसू नका. सकाळी पोळ्या-फोडणी करताना मात्र स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट फॅन लावायचाच. मुलं जागी असताना कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्यानं लादी पुसून घे.

तुझे मामंजी पहाटे साडेपाचला फिरायला जातात, तेही दमा असताना. त्यांना कोण सांगणार, हे मला कळतं. पहाटेची हवा शुद्ध असते असं त्यांच्या पिढीनं आयुष्यभर ऐकलं आणि त्यांच्या लहानपणी ते खरंही असेल, तेव्हा महामार्ग असा वाहत नव्हता. "फिरणं सोडा" असं म्हणू नकोस, त्यांना ते लागेल. "बाबा, नातवाला चारला बागेत न्यायला कुणी नाही, तुम्ही नेता का?" असं विचार. चार वाजता खारा वारा चांगला वाहत असतो, थंडीत हवा त्यातल्या त्यात तेव्हाच बरी असते. थोरल्याच्या बालवाडीची दुपारची तुकडी असेल तर निदान हे तीन महिने ती माग.

आता नाजूक गोष्ट. धाकटीची धुरी. आंघोळीनंतर निखाऱ्यांवर ओवा, लसणीची सालं, वेखंड टाकून सासूबाई तिला धुरी देतात, ते प्रेमानंच देतात. आपल्यालाही आईनं दिली. पण ती आपल्या कौलारू घरात, जिथे धूर फटींतून निघून जायचा. तुझ्या अकराव्या मजल्यावरच्या बंद खोलीत चार महिन्यांचं बाळ तो सगळा धूर छातीत घेतं. याच्यावर वाद घालू नकोस. बालरोगतज्ज्ञांकडे जाताना सासूबाईंना सोबत ने आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचार. त्यांच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही, म्हणून तेल लावणं, अंघोळ घालणं, दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेणं सगळं त्यांच्याकडेच राहू दे. फक्त शेगडी जाऊ दे. धूप-उदबत्तीही दुपारी खिडकी उघडी असताना लाव, सकाळी देवापुढे निरांजन पुरे.

आणि रात्री मच्छरांची कॉइल लावतेस का अजून? लावत असशील तर आजच टाकून दे. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. बाहेरची खिडकी लावून आत कॉइल पेटवली तर मी वर सांगितलेलं सगळं पाण्यात. मच्छरदाणी लाव, खिडक्यांना जाळ्या बसवून घे.

मोबाइलवर 'समीर' अ‍ॅप घे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आहे, जवळचं केंद्र निवड. पण त्यातला आकडा कसा वाचायचा ते ऐक. तो हवेचा निर्देशांक मागच्या चोवीस तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. सकाळी सातची घाण आणि दुपारी तीनची बरी हवा त्यात एकत्र मिसळते, म्हणून सकाळी आकडा साधारण दिसला तरी त्या तासाची हवा वाईट असू शकते. तासागणिक पीएम २.५ दिसत असेल तिथे ते बघ. आणि १०० पर्यंत 'समाधानकारक' लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नकोस. तो १०० म्हणजे एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा १५ आहे. आपल्या नियमाला जे चालतं ते थोरल्याच्या छातीला चालेलच असं नाही.

फडक्याचा रुमाल किंवा ओढणी तोंडाला बांधून बारीक कण अडत नाहीत. मामंजींना वाईट दिवशी बाहेर पडावंच लागलं तर एन ९५ मास्क, नाकाशी नीट दाबून. लहानग्यांना तो नीट बसत नाही, त्यांच्यासाठी वेळ बदलणंच चांगलं. आणि डॉक्टरांनी थोरल्याला पंप दिला तर घाबरू नकोस. "पंपाची सवय लागते" असं कुणीही म्हणो, शेजारीण म्हणो की मी म्हणो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो बंद करायचा नाही.

एवढं केलंस की तुझं घर बरंचसं सांभाळलं जाईल. पण एक गोष्ट मला टोचत राहते आणि ती तुझ्याशिवाय कुणाशी बोलू? तुझ्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी पेल्हारच्या बाजूनं येतात ना? महामार्गाला लागून चाळ आहे त्यांची. दुपारी आपण खिडक्या उघडतो, खारा वारा आपली हवा धुतो, आणि आपला धूर-धूळ त्यांच्या चाळीवर नेऊन टाकतो. रात्री वारा फिरतो तरी महामार्ग त्यांच्या उशाशीच. त्यांच्यासाठी दिवसातली बरी वेळ कुठली ते मला तुझ्यासारखं नेमकं सांगता येत नाही. वीटभट्टीवर जी आदिवासी कुटुंबं भट्टीशेजारीच झोपडी बांधून सहा-सात महिने राहतात, त्यांच्या बाळांना तर लावायला खिडकीच नाही. मावशींचा खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर त्यांना सुट्टी दे, पैसे कापू नकोस, स्वतः सोबत जाऊन सरकारी दवाखान्यात दाखव. क्षयाचीही तपासणी करून घे.

आणि सोसायटीच्या सभेत तू बोलायचंस. तू लाजतेस हे मला ठाऊक आहे, पण बोल. रात्री वॉचमन फाटकाशी शेकोटी करतो, तीत पुठ्ठे, प्लास्टिक, जे मिळेल ते जातं. पहाटे झाडलेला पाला कोपऱ्यात पेटवतात. झाकण बसलेलं असतं तेव्हाच हे सगळं होतं, आणि ते पहिल्यापासून अकराव्या मजल्यापर्यंत प्रत्येक घरात शिरतं. वॉचमनला नुसतं ओरडू नका. त्याला थंडी वाजते म्हणून तो पेटवतो. सगळ्यांनी मिळून त्याला चांगला स्वेटर, जाड गोधडी, रात्रीच्या चहाचा थर्मास द्या, मग शेकोटी बंद करायला सांगा. पाल्यासाठी मागे एक खड्डा करा, माती टाका, वर्षात खत होईल. शेजारी इमारत उठते आहे तिथल्या मुकादमाला भेटा, हिरवं कापड आणि पाणी मारणं याची मागणी लेखी द्या. पाणी सकाळी ट्रक सुरू व्हायच्या आधी मारायला हवं, दुपारी मारून उपयोग थोडा.

झावळ्या पेटवू नका, असं आपल्या बाबांना मीच सांगितलं. ऐंशीच्या घरात आहेत, मला वाटलं रागावतील. ते थोडा वेळ बावखलाकडे बघत बसले, मग म्हणाले, "तुमच्या आईला शेवटी शेवटी पहाटे धाप लागायची, ती यानंच का?" मला उत्तर देता आलं नाही. पण त्या दिवसापासून झावळ्या पेटत नाहीत. ते त्या कोयत्यानं बारीक करून केळीच्या बुंध्याशी घालतात.

रविवारी मी येते. तीनला निघेन, रिक्षानं थेट तुझ्याकडे. दोन पुठ्ठे आणि व्हॅसलीनची डबी आणते, एक तुझ्या पूर्वेच्या ग्रिलला बांधू, एक समुद्राकडे. चारच्या सुमारास पोरांना घेऊन अर्नाळ्याला जाऊ. वलांडीवर बोंबील वाळत टांगलेले असतील, ते खाऱ्या वाऱ्यात कसे डुलतात ते थोरल्याला दाखवायचंय, म्हणजे वारा कुठून येतो ते त्याला आपोआप कळेल. धाकटीला टोपी घाल. सूर्य बुडला की निघू, मतलई सुटायच्या आत पोरं घरात हवीत.